आगाऊ तिकीट

मराठीत ‘आगाऊ’ या शब्दाला दोन अर्थ आहेत. वेळेच्या आधी दिले-घेतले ते आगाऊ. आगाऊ रक्कम, आगाऊ पगार, आगाऊ नोंदणी. आणि मोठ्यांच्या बोलण्यात मध्येच तोंड घालणारे पोरही आगाऊच. पहिला अर्थ व्यवहाराचा, दुसरा शिष्टाचाराचा. सुट्टीचे दिवस जवळ आले की हे दोन्ही अर्थ एकमेकांना भेटतात. कारण आता सहलीला निघायचे म्हणजे आधी तिकीट काढायचे. संग्रहालय असो, जुना महाल असो की फुलांचे पठार, दारापर्यंत पोचण्याआधी तारीख ठरलेली, तास ठरलेला आणि पैसे भरलेले असावे लागतात. असे करणारा माणूस शहाणा की दुसऱ्याच्या पुढे घुसणारा?

प्रश्न वरवर क्षुल्लक वाटेल. माणसे रेशनच्या रांगेत उभी असताना सहलीच्या तिकिटाची चर्चा कशाला, असेही कोणी म्हणेल. पण समाजाची न्यायबुद्धी मोठ्या घोषणांपेक्षा अशा बारीकसारीक व्यवहारांतच अधिक खरेपणाने दिसते. जागा थोड्या आणि माणसे फार, अशा वेळी आत कोणाला सोडायचे, हा प्रश्न इस्पितळातल्या खाटेला, कॉलेजच्या प्रवेशाला आणि नोकरीला जसा लागू आहे तसाच तो सुट्टीच्या एका दिवसालाही लागू आहे.

आपल्या जवळचेच उदाहरण घेऊ. कागल-हातकणंगले पंचतारांकित एमआयडीसी. त्या नावातले पाच तारे वसाहतीच्या सोयींना दिलेले आहेत, म्हणजे रस्ते, पाणी, वीज यांना. कामगाराच्या सुट्टीशी त्यांचा संबंध नाही. कागल, हुपरी, हातकणंगले आणि सीमेपलीकडच्या निपाणीकडून माणसे इथे येतात, फाउंड्रीत, मशीनशॉपमध्ये, सूत-कापडाच्या कारखान्यांत राबतात. त्यांत आपल्या मोहल्ल्यांतली मुलेही पुष्कळ आहेत. काम पाळीचे. या आठवड्यात दिवसपाळी, पुढच्या आठवड्यात रात्रपाळी. साप्ताहिक सुट्टी सगळ्यांची रविवारीच असते असेही नाही. ज्याची सुट्टी सोमवारी येते त्याने अजिंठ्याला जायचे ठरवले तर त्या दिवशी अजिंठ्याची लेणी बंद असतात, आणि देशातली बरीच संग्रहालयेही सोमवारीच दार लावतात.

आता रजेचा हिशेब पाहा. १९४८ च्या कारखाना कायद्याने वर्षात २४० दिवस भरणाऱ्या कामगाराला दर वीस दिवसांच्या कामामागे एक दिवस भरपगारी रजा दिली होती. २०२० च्या नव्या संहितेने २४० ची अट १८० वर आणली आणि ती संहिता नोव्हेंबर २०२५ मध्ये लागू झाली. जुन्या कायद्यात रजेचा अर्ज किमान पंधरा दिवस आधी करायचा होता. म्हणजे कायद्याच्या दृष्टीने कामगाराचा ‘उद्या’ पंधरा दिवसांचा. रेल्वेचे आरक्षण मात्र साठ दिवस आधी उघडते. १ नोव्हेंबर २०२४ पूर्वी ते १२० दिवस आधी उघडत असे. ज्याला पुढच्या आठवड्याची पाळी शनिवारी फळ्यावर वाचायला मिळते, त्याने दोन महिन्यांनंतरच्या सकाळी नऊचे तिकीट कोणत्या भरवशावर काढायचे? आणि हा झाला कायम कामगार. ठेकेदाराकडचा माणूस तर आज या गेटवर, चार महिन्यांनी त्या गेटवर. त्याचे दिवस भरता भरता ठेकाच बदलतो.

माझ्या ओळखीचे एक गृहस्थ अशाच एका फाउंड्रीत ठेक्यावर आहेत. त्यांची मुलगी सहावीत. शाळेत बाईंनी कास पठाराविषयी सांगितले. पश्चिम घाटातली जी स्थळे युनेस्कोने २०१२ साली जागतिक वारसा म्हणून मान्य केली, त्यांत साताऱ्याजवळचे हे पठारही आहे. ऑगस्टच्या अखेरीपासून ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत तिथे फुलांचे गालिचे असतात. ते पाहायला लोटणाऱ्या गर्दीच्या पायांखाली फुलेच चिरडू लागली, तेव्हा दिवसाला तीन हजार माणसांची मर्यादा घातली गेली आणि ऑनलाइन नोंदणी सुरू झाली. या गृहस्थांनी भाच्याच्या मोबाइलवरून चार तिकिटे काढली. सुपरवायझरला विचारले होते, त्याने मान हलवली होती. दोन दिवस आधी मालाची निकड निघाली आणि रजा रद्द झाली. तिकिटाचे पैसे गेले, ही गोष्ट किरकोळ. मुलगी रडली नाही की रुसली नाही. पुढे अब्बांनी ईदनंतर पन्हाळ्याला जाऊ म्हटले, तेव्हा तिने एवढेच विचारले, “नक्की जायचंय, की सुट्टी मिळाली तर?”

मला वाटते, या विषयाचा गाभा त्या प्रश्नात आहे. आगाऊ तिकीट ही नुसती खरेदी नाही. तो उद्याविषयी दिलेला शब्द आहे. शब्द तोच देऊ शकतो ज्याच्या हातात उद्या आहे. ज्याच्या उद्याची मालकी ठेकेदाराकडे आहे, तो आपल्या लेकरालाही शब्द देऊ शकत नाही. आपल्या धर्मात वाद्याला केवढे मोल आहे हे लहानपणापासून आपण ऐकतो. पण वादा पाळण्याची ऐपत सगळ्यांना सारखी मिळत नाही, हे फारसे कोणी सांगत नाही. गरिबाच्या बोलण्यात ‘बघू’, ‘जमलं तर’, ‘देवाच्या मनात असेल तर’ हे शब्द पुन्हा पुन्हा येतात. त्याला आपण आळस किंवा नियतीवाद म्हणतो. वस्तुतः तो त्याच्या परिस्थितीचा अचूक हिशेब असतो.

इथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. उद्याच्या कोणत्याही गोष्टीविषयी बोलताना अल्लाहच्या इच्छेची जोड द्यावी, ही शिकवण सूरह कहफमध्ये आहे. तिचा अर्थ योजना करू नका, असा होत नाही. उंट मोकळा सोडून तवक्कुलची भाषा करणाऱ्याला पैगंबरांनी (स.) आधी तो बांधायला सांगितले, ही हदीस सर्वांना ठाऊक आहे. तेव्हा तिकीट आधी काढण्यात धर्माला काही खटकत नाही. इन्शाअल्लाह म्हणून साठ दिवसांनंतरची तारीख खुशाल ठरवावी. प्रश्न आहे तो दोरीचा. एकाकडे उंट बांधायला दोरी आहे आणि दुसऱ्याकडे नाही, तर दुसऱ्याला तवक्कुलचा उपदेश करून भागत नाही.

अर्थात आगाऊ नोंदणीच्या बाजूनेही पुष्कळ बोलता येते आणि ते प्रामाणिकपणे बोलले पाहिजे. काही वस्तू माणसांच्या श्वासानेही झिजतात. मिलान शहरात लिओनार्दोने भिंतीवर काढलेले ‘शेवटचे भोजन’ हे चित्र दुरुस्त करायला १९७८ ते १९९९ अशी एकवीस वर्षे लागली. आता तिथे छोट्या गटांना पंधरा-पंधरा मिनिटांसाठीच आत सोडतात. ग्रानाडातल्या अलहम्ब्रामध्ये नसरी सुलतानांच्या महालांत शिरण्याची वेळ तिकिटावर छापलेली असते. ॲमस्टरडॅमला अ‍ॅन फ्रँक ज्या घरात लपून राहिली, तिथे दारावर तिकीटच मिळत नाही. दर मंगळवारी सहा आठवड्यांनंतरच्या भेटीची तिकिटे ऑनलाइन खुली होतात. ही घरे, हे महाल उद्याच्या मुलांनाही पाहायला मिळायचे असतील तर आजच्या गर्दीला आवर घालावाच लागेल.

दुसरे असे की, जुनी रांग म्हणजे काही न्यायाचा दरबार नव्हती. रांगेत जो धट्टाकट्टा तो पुढे, तान्हे मूल कडेवर घेतलेली बाई मागे. खिडकीशी दलाल, आणि खिडकीच्या आत साहेबांची चिठ्ठी. खिडकीतला माणूस नाव विचारतो आणि नाव ऐकून त्याचा सूर बदलतो, हा अनुभव आपल्यापैकी अनेकांना आहे. यंत्राला नावाचे वावडे नाही. ते दाढी पाहत नाही, बुरखा पाहत नाही, रकमेचा आकडा आणि रिकामी जागा एवढेच पाहते. एवढ्यापुरते त्याचे आभार मानायला हरकत नाही.

मग रांग, पैसा, नोंदणी आणि सोडत या मार्गांत न्याय्य कोणता? रांग माणसाकडून वेळ मागते. पैसा ऐपत मागतो. नोंदणी उद्यावरचा ताबा मागते. सोडत काहीच मागत नाही, फक्त नशिबावर सोडते. हजला जाण्यासाठी जागांहून अर्ज जास्त झाले की हज कमिटी कुर्राह काढते, हे आपण वर्षानुवर्षे पाहत आलो. नाव निघाले नाही म्हणून घरोघरी लोक हळहळतात, पण शेजाऱ्याचे निघाले म्हणून त्याला दोष देत नाहीत. शिवाय अतिवृद्ध अर्जदारांना सोडतीविना प्राधान्य असते. म्हणजे नशीबही डोळे झाकून वापरलेले नाही, ज्याच्याकडे उद्या कमी उरला आहे त्याला आधी वाट दिली आहे. मदीनेत मस्जिदे नबवीतल्या रियाजुल जन्नामध्ये जाण्यासाठी आता नुसुक ॲपवर वेळ घ्यावी लागते. एकदा ती संधी मिळालेल्याला पुढचे ३६५ दिवस पुन्हा नोंदणी करता येत नाही, असा सर्वसाधारण नियम आहे. ज्याला मिळाले त्याने आता दुसऱ्याला वाट द्यावी, हे त्यामागचे तत्त्व. ते चांगलेच आहे. पण ज्या म्हाताऱ्या खालाजानला मोबाइलवर फोन घेण्यापलीकडे काही येत नाही, ती टूरवाल्याच्या किंवा नातवाच्या मेहरबानीवर अवलंबून राहते, हेही खरे आहे.

जागा धरून ठेवण्याचा प्रश्न आपल्या परंपरेला नवा नाही. जुम्याला जो लवकर येईल त्याला सवाब अधिक, उशिरा येऊन लोकांच्या खांद्यांवरून पाय टाकत पुढच्या सफेत जाणाऱ्याला पैगंबरांनी (स.) तिथेच बसायला सांगितले, अशी हदीस आहे. म्हणजे आधी येणाऱ्याचा हक्क मान्य आणि वशिल्याने पुढे जाणे अमान्य. पण मग काही लोकांनी युक्ती काढली. स्वतः येण्याआधी नोकराकरवी आपला मुसल्ला पुढच्या सफेत अंथरून ठेवायचा आणि सावकाश यायचे. १३२८ साली वारलेले इब्न तैमिया हे काही सवलती देणारे फकीह म्हणून प्रसिद्ध नाहीत, पण या प्रकारावर त्यांनी सरळ बोट ठेवले. मुसल्ला पाठवणारा स्वतः उशिरा येतो आणि वर आलेल्यांची जागाही अडवतो, असे त्यांचे म्हणणे. मशिदीत आधी पोचलेला माणूस तो मुसल्ला बाजूला करून तिथे नमाज पढू शकतो, या बाजूने त्यांनी कौल दिला. लवकर येणे पायांनी असते, चटईने नव्हे, हा त्यातला मुद्दा.

या दृष्टीने पाहिले तर आगाऊ तिकीट हा आपण पाठवलेला मुसल्लाच आहे. तो अंथरणे मुळातच गैर म्हणता येणार नाही, कारण इथे तिकीटघरानेच सगळ्यांना तशी परवानगी दिलेली असते. पण मुसल्ला अंथरला आणि माणूस आलाच नाही, तर ती जागा ना त्याच्या उपयोगाची ना दुसऱ्याच्या. रेल्वेने १२० चे साठ दिवस केले तेव्हा हेच कारण सांगितले होते. फार आधी काढलेल्या तिकिटांपैकी बरीच पुढे रद्द होतात आणि काही प्रवासी रद्द न करताच येत नाहीत. जमेल तेव्हा जमेल म्हणून तीन शनिवारांची तिकिटे काढून ठेवणारे आपल्यातही आहेत. त्यांना त्यात चतुराई वाटते. ते न वापरलेले तिकीट म्हणजे कोणाच्या तरी मुलीची बुडालेली सहल आहे, हे त्यांच्या लक्षात येत नाही. कासवरची टोपली कारवी सात-आठ वर्षांनी एकदा फुलते. तेव्हा हुकलेल्या एका तारखेची किंमत किती, ते त्यांनी मोजून पाहावे.

पैशाचे तर आणखीच वेगळे. पुरातत्त्व खात्याच्या अजिंठा-वेरूळसारख्या स्थळांना भारतीय माणसाला खिडकीवर रोख ४० रुपये पडतात आणि ऑनलाइन भरले तर ३५. पाच रुपयांचा फरक काही मोठा नाही. पण ज्याच्याकडे साधन आहे त्याला स्वस्त आणि ज्याच्याकडे नाही त्याला महाग, हा उलटा न्याय त्या पाच रुपयांत बसलेला आहे. ताजमहालाचे तिकीट भारतीयांना ५० रुपये. डिसेंबर २०१८ पासून मुख्य मकबऱ्यात जायचे तर आणखी २०० रुपये. पंधरा वर्षांखालच्या मुलांना ते नाही, ही चांगली गोष्ट. गर्दी कमी करून वास्तूला वाचवायचे, हा हेतूही समजण्यासारखा आहे. तरी नवरा, बायको आणि म्हातारी आई मिळून ७५० रुपये होतात. ठेक्यावरच्या माणसाला हे किती दिवसांच्या हजेरीचे पैसे, हा हिशेब ज्याचा त्याने करावा. शेवटी ती एक कबर आहे. कबरीची जियारत माणसाला मृत्यूची आठवण व्हावी म्हणून असते, आणि मृत्यूपुढे तरी शहाजहान व फाउंड्रीतला मजूर एकाच रांगेत आहेत. शहाजहानच्या उरुसाचे तीन दिवस तिथे प्रवेश खुला असतो, तेव्हा ही गोष्ट जरा आठवते.

ज्यांना आगाऊ काही ठरवता येत नाही, त्यांनी आपल्यापुरता मार्ग काढलेला आहेच. ते बिनतारखेच्या ठिकाणी जातात. रंकाळा, पन्हाळा, किंवा वसाहतीपासून जवळच असलेले कणेरीचे सिद्धगिरी ग्रामजीवन संग्रहालय. तिथे लोहार, सुतार, कुंभार यांचे पुतळे जुन्या गावगाड्यातली कामे करताना दाखवले आहेत. आठवडाभर भट्टीपुढे उभा राहणारा कामगार सुट्टीच्या दिवशी पोरांना घेऊन लोहाराच्या भात्यापुढे उभा राहतो. आणि कागलच्या गैबी पिराचा उरूस तर आहेच. तिथे हिंदू-मुसलमान दोघेही येतात, कोणाला वेळ नेमून दिलेली नसते. आपले पूर्वज सुट्टी अशीच घालवत. पण म्हणून अजिंठ्याची चित्रे आणि कासची फुले फक्त नियोजन करू शकणाऱ्यांची, आणि ठेक्यावरच्याने उरुसावर समाधान मानावे, अशी वाटणी मान्य करता येत नाही. ही गोष्ट भाकरीची नसली तरी माणूसपणाची आहे.

आणि इथे भाषा पुन्हा मदतीला येते. तिकीट आधी काढण्याला आपण आरक्षण म्हणतो. आरक्षणाचा दुसरा अर्थ आपल्या जिल्ह्याला सांगायला नको. कागलच्या घाटगे घराण्यात १८७४ साली जन्मलेल्या शाहू महाराजांनी २६ जुलै १९०२ रोजी संस्थानच्या नोकऱ्यांत निम्म्या जागा मागासलेल्यांसाठी राखून ठेवल्या. त्यांच्याच पुढाकाराने १९०६ साली कोल्हापुरात मुसलमान मुलांच्या शिक्षणासाठी संस्था उभी राहिली आणि बोर्डिंग निघाले. त्या आरक्षणाचा अर्थ असा की, जे आधी पोचले त्यांनीच सगळ्या जागा भरून टाकू नयेत. ज्यांना उशिरा निघावे लागले, त्यांच्यासाठी काही खुर्च्या रिकाम्या ठेवाव्यात. तिकिटाचे आरक्षण नेमके उलट सांगते, जो आधी पोचला त्याचे सगळे. एकाच शब्दात दोन न्याय आहेत. शाहूंच्या मुलखात राहणाऱ्याने त्यांतला कोणता खरा मानायचा, हे अवघड नसावे.

करायचे काय? मर्यादा हवी, नोंदणीही हवी. पण प्रत्येक ठिकाणी काही जागा त्याच दिवशी येणाऱ्यासाठी खिडकीवर राखून ठेवाव्यात. रद्द झालेल्या जागा तिथेच द्याव्यात. मोबाइल नसलेल्याला जास्त पैसे पडू नयेत. हे झाले तिकीट देणाऱ्यांचे काम. रजा देणाऱ्यांचे काम त्याहून मोठे आहे. आपल्यापैकी काही जण आज सुपरवायझर आहेत, काही जण ठेकेदार आहेत, एकदोघांचे स्वतःचे शेडही आहे. त्यांनी रजेची तारीख महिनाभर आधी द्यावी आणि दिलेली परत घेऊ नये. मालाची निकड असतेच. पण माल एक दिवस उशिरा गेला तर दंड भरता येतो, बापाचा शब्द उशिराने पोचवता येत नाही. मजुराचा घाम वाळण्याआधी मजुरी द्यावी, ही शिकवण आपण व्यासपीठावरून अभिमानाने सांगतो. रजेचा दिवसही त्या मजुरीचाच भाग आहे.

आणि ज्यांच्या हातात पगारी रजा, चांगला मोबाइल आणि दोन महिन्यांनंतरची तारीख आहे, त्या आम्हा शिक्षक-कारकुनांचेही थोडे काम आहे. जाणार असू तेवढीच तिकिटे काढावीत. जमत नाही असे दिसले की त्याच दिवशी रद्द करावीत. पैसे परत मिळणार नसले तरीही करावीत, कारण जागा परत मिळते. मोहल्ल्यातल्या ज्याला ते यंत्र चालवता येत नाही, त्याचे तिकीट आपल्याबरोबर काढावे. मजलिसीत कोणी आले तर सरकून जागा द्या, म्हणजे अल्लाह तुमच्यासाठी जागा करील, अशा आशयाची आज्ञा सूरह मुजादिलामध्ये आहे. ती उतरली तेव्हा मजलिस अंगणातली होती. आज ती कासच्या पठारावर आहे आणि अजिंठ्याच्या लेण्यांतही आहे. सरकून बसायला मात्र तेव्हा लागत होते तेवढेच अजून लागते.